‘मुक्त’, ‘खुला’ आणि ‘कामगारांचे हित’ : ठाणे-कल्याण परिसरातील निवडणूक-भाषेचा अर्थविचार

निवडणुकीतील भाषणे आणि जाहीरनामे यांचा अभ्यास हा सामान्यतः राज्यशास्त्राचा प्रांत मानला जातो. परंतु एखाद्या प्रश्नावर उमेदवाराची भूमिका ‘अस्पष्ट’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती तक्रार मुळात भाषेविषयीची असते. उमेदवाराचे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असते. त्यातील शब्द परिचित असतात. ऐकताना कोठे अडखळायला होत नाही. आणि तरीही सभेहून घरी परतलेल्या श्रोत्यास, हा गृहस्थ निवडून आल्यावर नेमके काय करणार, हे सांगता येत नाही. हे कसे घडते, हा अर्थविचाराचा प्रश्न आहे.

प्रस्तुत विवेचनासाठी ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि त्यांना लागून असलेली भिवंडी हा परिसर घेतला आहे. आणि विषय म्हणून परदेशी व्यापार व कामगार यांचा संबंध घेतला आहे. या प्रश्नावर उमेदवारांची जी वाक्ये सर्व पक्षांच्या व्यासपीठांवरून ऐकू येतात, त्यांचा साचा पुढीलप्रमाणे मांडता येईल : ‘मुक्त व्यापाराला आमचा विरोध नाही; परंतु कामगारांच्या हिताला बाधा येता कामा नये.’ हे कोणा एका व्यक्तीचे उद्गार नव्हेत. विश्लेषणाच्या सोयीसाठी रचलेले हे नमुनावाक्य आहे. या वाक्याशी असहमत होणे कोणासही कठीण आहे. नेमके हेच त्याचे वैशिष्ट्य असून त्याचा दोषही त्यातच आहे.

१. शब्दांची आकांक्षा

वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक आहेत, असे भारतीय शास्त्रकारांनी प्रतिपादिले आहे. ‘दार’ एवढाच शब्द उच्चारला तर ‘उघड’ की ‘लाव’, अशी अपेक्षा ऐकणाऱ्याच्या मनात उरते. ही आकांक्षा होय. ती पुरी होईपर्यंत वाक्यार्थ सिद्ध होत नाही. नमुनावाक्यातील प्रमुख शब्दांस ही कसोटी लावून पाहिली असता पुष्कळ गोष्टी उलगडतात.

‘मुक्त’ हे ‘मुच्’ धातूचे भूतकालवाचक कृदन्त. जो मुक्त झाला, तो कशापासून तरी मुक्त झालेला असतो. म्हणून या शब्दास पंचमीची आकांक्षा आहे. व्यापार आयात जकातीपासून मुक्त, परवान्यापासून मुक्त, की संख्यात्मक निर्बंधांपासून मुक्त? ही तिन्ही बंधने एकच नव्हेत, आणि ती एकाच वेळी गळून पडलेलीही नाहीत. १९९१ मध्ये आर्थिक धोरणात मोठा बदल झाला, तरी आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांपैकी अखेरचे, ७१५ वस्तूंवरील, निर्बंध उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. आणि त्यानंतरही जकात राहिलीच. तेव्हा ‘मुक्त व्यापार’ या शब्दाने यांपैकी कोणते बंधन सुटणे अभिप्रेत आहे, हे सांगितल्यावाचून त्यास पाठिंबा किंवा विरोध दर्शविणे म्हणजे अर्धवट वाक्यास मान डोलावणे होय.

‘खुला’ या शब्दाची आकांक्षा वेगळी आहे. खुले ते कोणासाठी तरी खुले असते. तेथे चतुर्थीची अपेक्षा आहे. बाजार परदेशी मालाला खुला, परदेशी भांडवलाला खुला, की आपल्या मालाला परक्यांचा बाजार खुला? ‘मुक्त व्यापार’ आणि ‘खुला व्यापार’ हे शब्द वृत्तपत्रांत पर्याय म्हणून वापरले जातात. वस्तुतः एक शब्द बंधनाकडे पाहतो आणि दुसरा लाभणाऱ्याकडे. ‘उदारीकरण’ या शब्दात तर कर्ता आणि कर्म दोन्ही लोपलेले आहेत. कोण कोणाविषयी उदार झाला, हा प्रश्न ‘-करण’ या प्रत्ययान्त नामात विरून जातो.

‘कामगारांचे हित’ या शब्दप्रयोगातील षष्ठी अनेकवचनी आहे. पण ती सर्व कामगारांची की काहींची, हे व्याकरण सांगत नाही. ‘हित’ म्हणजे रोजगाराचे स्थैर्य, वेतनाची वाढ, कामाचे तास, की जिवाची सुरक्षितता? डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत जे भीषण स्फोट झाले, त्यांच्या संदर्भात ‘हित’ या शब्दाचा पहिला अर्थ जिवंत घरी परतणे हाच होतो. निर्यातीच्या चर्चेत मात्र तो अर्थ क्वचितच डोकावतो.

२. ‘कामगार’ कोण?

आकांक्षा पुरी करण्याचे काम पुष्कळदा परिस्थिती करते. ज्या गावात एकच गिरणी आहे, तेथे ‘कामगार’ म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. ठाणे-कल्याण परिसरात परिस्थिती हे काम करीत नाही. कारण येथे परस्परांशी भिन्न, किंबहुना विरुद्ध, व्यापारी हितसंबंध असलेले कामगार काही कोसांच्या आत राहतात.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत ही राज्यातील नियोजित औद्योगिक वसाहतींपैकी अगदी आरंभीची. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली आणि अंबरनाथ येथे कारखाने वाढले. हे उद्योग मुख्यतः आयात जकात आणि परवाना यांच्या आश्रयाने उभे राहिले. त्यांतील कायम कामगारास संरक्षण म्हणजे नोकरी, हा अर्थ अनुभवाने ठाऊक होता. कल्याणलगतच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला आणि थकीत देण्यांसाठी कामगारांना पुढे अनेक वर्षे झगडावे लागले. कारखाना बंद पडण्याची कारणे नेहमीच अनेक असतात आणि सर्व दोष आयातीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु कृत्रिम धागा तयार करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने परदेशातून स्वस्त धागा येणे हे संकट आहे, हे उघड आहे.

आता तेथून जवळच असलेल्या भिवंडीकडे वळावे. भिवंडी हे देशातील यंत्रमागाच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. यंत्रमागाला सूत आणि धागा हा कच्चा माल. तो महाग झाला की माग थांबतात, आणि माग थांबला की नगावर वा मीटरवर मजुरी घेणाऱ्याची चूल थांबते. २०१०-११ मध्ये केंद्र सरकारने सुती धाग्याच्या निर्यातीवर ७२ कोटी किलोग्रॅमची मर्यादा घातली, तेव्हा सूतगिरण्यांनी तीस विरोध केला. सूत देशातच राहावे, ही मागणी विणणाऱ्यांची होती. पुढे १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी लागणाऱ्या पीटीए या रसायनावरील अँटी-डम्पिंग शुल्क रद्द करण्यात आले. त्यामागील कारण ‘सार्वजनिक हित’ असे सांगण्यात आले होते. हे रसायन तयार करणाऱ्याच्या दृष्टीने ते संरक्षणाचे उच्चाटन होते. धागा घेणाऱ्याच्या दृष्टीने तो दिलासा होता. ‘हित’ हा एकच शब्द उत्पादनाच्या साखळीतील दोन कड्यांवर दोन विरुद्ध अर्थ धारण करतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

त्याच भिवंडीच्या परिसरात गोदामांचा विस्तार झाला आहे. तेथे खोकी उचलणाऱ्या, वेष्टने बांधणाऱ्या कंत्राटी कामगाराला माल कोठून आला याच्याशी कर्तव्य नसते. आवक वाढली की त्याचे काम वाढते. आणि डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईकडे जाणारा जो नोकरदार वर्ग आहे, त्यातील संगणक व वित्तसेवांत काम करणाऱ्यांचे वेतन परदेशी ग्राहकांच्या मागणीवर अवलंबून असते. हा वर्ग स्वतःस ‘कामगार’ म्हणवीत नाही. परंतु व्यापार खुला राहण्यात त्याचा स्वार्थ आहे.

मतदारसंघांची रचना हा गुंता अधिकच वाढविते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर कल्याण पश्चिम हा विधानसभा मतदारसंघ कल्याण लोकसभा मतदारसंघात नसून भिवंडी लोकसभा मतदारसंघात आहे. म्हणजे रेयॉनच्या आठवणी बाळगणाऱ्या कल्याणातील वस्त्या आणि स्वस्त धाग्याची वाट पाहणारे भिवंडीचे माग यांना एकाच उमेदवाराचे वाक्य ऐकावे लागते. अशा ठिकाणी अस्पष्ट वाक्य हे भाषिक आळसाचे लक्षण नसून दोन श्रोत्यांस एकाच वेळी संबोधण्याचे साधन असते.

३. पूर्वेतिहास

हा पेच १९९१ नंतर निर्माण झाला असे समजणे चुकीचे ठरेल. भारतातील कामगार-चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते नारायण मेघाजी लोखंडे १८४८ मध्ये ठाण्यास जन्मले. त्यांच्या काळी मुक्त व्यापाराचा कैवार घेणारे लँकेशायरचे गिरणीमालक होते. त्यांच्या दडपणाखाली १८८२ मध्ये कापडावरील आयात जकात रद्द झाली. आणि मुंबईच्या गिरण्यांतील कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा यावी असाही आग्रह त्यांनीच धरला होता. पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. परिणामी राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांचा मोठा भाग, त्यात ‘केसरी’ही आला, कारखाना कायद्याकडे देशी उद्योगाचा गळा घोटण्याची युक्ती म्हणून पाहू लागला. ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडविले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन सादर केले. त्यातील मागण्या पाहण्यासारख्या आहेत : रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार. साप्ताहिक सुटीची मागणी १८९० मध्ये गिरणीमालकांनी मान्य केली. ‘हित’ या शब्दाची आकांक्षा येथे पूर्णपणे भागविलेली आहे. वार, तास आणि तारीख दिलेली असल्यामुळे मागणी मान्य झाली की नाही, हे कामगारास स्वतःच ताडून पाहता आले.

लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये ‘काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षा’चा जाहीरनामा प्रसिद्ध केला. उद्योगवाढीसाठी सरकारी साहाय्य आणि आवश्यक तर संरक्षक जकाती यांचा पुरस्कार त्यात आहे. आणि श्रमिकांसाठी योग्य वेतन, माफक तास व राहण्याची सोय यांचाही. ‘आवश्यक तर’ या शब्दांत मोकळी जागा ठेवलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. आवश्यकता कोणी ठरवावयाची, हे तेथे सांगितलेले नाही. परंतु साधनांची नावे घेतलेली आहेत. नमुनावाक्यात तेवढेही नाही.

‘स्वदेशी’ या शब्दाचा प्रवास आणखी बोधप्रद आहे. यातील ‘स्व’ निजवाचक असल्यामुळे त्याचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून राहतो. १९२२ मध्ये काड्यापेट्यांवरील आयात जकात वाढली. त्यानंतर स्वीडनच्या भांडवलाने ‘विमको’ ही कंपनी स्थापन होऊन अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. संरक्षण स्वदेशी उद्योगाला द्यावे आणि त्याच्या आडोशाने परदेशी भांडवल यावे, पण काम मात्र येथील हातांना मिळावे, अशी ही घटना. १९९० च्या दशकात कल्याणजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात फ्रेंच प्यूजो मोटारी जोडल्या जात होत्या. तो प्रयोग काही वर्षांतच संपला. ती मोटार स्वदेशी होती की परदेशी, या प्रश्नाचे उत्तर ‘स्व’ म्हणजे मालक, भूमी की मजूर यावर अवलंबून आहे.

पक्षांच्या पातळीवरही हेच दिसते. भारतीय मजदूर संघ (१९५५) आणि स्वदेशी जागरण मंच (१९९१) या दोहोंच्या स्थापनेशी दत्तोपंत ठेंगडी यांचा संबंध होता. ज्या भारतीय जनता पक्षाचे उमेदवार राम कापसे १९८९ आणि १९९१ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले, त्या पक्षाने १९९० च्या दशकात स्वदेशीचा पुरस्कार केला. त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारच्या कारकिर्दीत १९९९ मध्ये विमाव्यवसायात परदेशी भांडवलास वाट मिळाली आणि वर उल्लेखिलेले संख्यात्मक निर्बंध उठले. तेव्हा मजदूर संघाने सरकारच्या आर्थिक धोरणाचा जाहीर निषेध केला. शब्द दोन्हीकडे ‘स्वदेशी’च होता. हा दोष एका पक्षाचा नव्हे. १९९१ चा बदल काँग्रेसने केला, तेव्हा तिच्याशी संलग्न कामगार-संघटनेची अडचण निराळी नव्हती; पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडीने १९९४ मध्ये परदेशी भांडवलाचे स्वागत करणारे औद्योगिक धोरण जाहीर केले, तेव्हा तिलाही हाच पेच सोडवावा लागला.

४. वाक्यरचनेतील पळवाटा

शब्दांप्रमाणेच रचनाही अर्थ मोघम करते. मराठीच्या चार विशेषांचा येथे निर्देश पुरेसा आहे.

पहिला, कर्त्याचा लोप. ‘बाधा येता कामा नये’, ‘अन्याय होऊ दिला जाणार नाही’, ‘करण्यात येईल’ या रचनांत कर्तव्य आहे, पण कर्ता नाही. ‘मी मतदान करीन’ आणि ‘विरोध नोंदविण्यात येईल’ यांतील अंतर हे शैलीचे नसून जबाबदारीचे आहे.

दुसरा, ‘परंतु’चे स्थान. मराठीत ‘परंतु’नंतरचे वाक्यखंड अधिक वजनदार ठरते. ‘व्यापाराला विरोध नाही, परंतु कामगारांचे हित महत्त्वाचे’ आणि ‘कामगारांचे हित महत्त्वाचे, परंतु व्यापाराला विरोध नाही’ ही दोन्ही वाक्ये तर्कदृष्ट्या समान आहेत. सभेत ती समान नाहीत. क्रम बदलून तेच विधान एका सभेत आश्वासन ठरते आणि दुसऱ्या सभेत निर्वाळा.

तिसरा, विशेषणाचे द्वैत. ‘अन्यायकारक व्यापार-करारांना आमचा विरोध आहे’ या वाक्यातील विशेषण व्यवच्छेदक आहे की केवळ वर्णनपर? सर्व करार अन्यायकारक असल्यामुळे सर्वांना विरोध, की त्यांपैकी जे अन्यायकारक असतील तेवढ्यांनाच? हा भेद दर्शविणारे चिन्ह मराठी लेखनात नाही. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने ‘आरसेप’ या प्रादेशिक करारात सामील न होण्याचे जाहीर केले; आणि २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार-करारावर स्वाक्षरी केली. वरील वाक्य बोलणारा उमेदवार या दोन्ही निर्णयांचे समर्थन करू शकतो आणि दोहोंचा निषेधही करू शकतो. त्याचे वाक्य कोणत्याच प्रसंगी खोटे ठरत नाही.

चौथा विशेष खास मराठीचा आहे. ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते. ‘आपण’ त्यास सामावून घेते. ‘आम्ही कारखाना पुन्हा सुरू करू’ हे वचन आहे. ‘आपण कारखाना पुन्हा सुरू करू’ यात वचन देणारा आणि घेणारा एकच होऊन जातात. वचनभंगाचा जाब विचारण्याची वेळ आली, तर श्रोत्याला तो स्वतःलाही विचारावा लागतो. ‘आपण’ या शब्दातील जवळीक खोटी असतेच असे नाही. परंतु ती जबाबदारी पातळ करते, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

५. योग्यतेचा प्रश्न

अस्पष्टता म्हणजे सदैव कपट, असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. सूत कातणारा आणि विणणारा या दोघांचेही प्रतिनिधित्व करावयाचे असेल, तर तडजोड अपरिहार्य आहे. शिवाय येथे शास्त्रकारांची दुसरी अट, योग्यता, लागू होते. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात आकांक्षा पुरी होते. पण अग्नीच्या अंगी शिंपण्याची योग्यता नसल्यामुळे अर्थ जुळत नाही. उमेदवाराच्या काही विधानांची स्थिती अशीच असते. परदेशांशी करार करणे हा आपल्या राज्यव्यवस्थेत कार्यकारी मंडळाचा अधिकार आहे. प्रत्येक करारास संसदेची पूर्वसंमती लागत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये जकातीत सूट देण्याचे काम सरकार अधिसूचनेने करू शकते. १९८५ मध्ये घटनेत दहावी अनुसूची आल्यापासून पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. म्हणून ‘स्वस्त आयात मी रोखीन’ हे वाक्य कितीही स्पष्ट असले, तरी एकट्या खासदाराच्या ठिकाणी त्याची योग्यता नाही.

उलटपक्षी, प्रश्न विचारणे, स्थायी समितीत मत नोंदविणे, वित्त विधेयकावर बोलणे, थकीत देण्यांचा पाठपुरावा करणे या गोष्टी त्याच्या आवाक्यातील आहेत. कामगार कायद्यांची गोष्टही तशीच. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी ४ संहिता मंजूर केल्या. त्यांवर मत देण्याचा अधिकार प्रत्येक सदस्यास होता. कामगारांच्या हिताविषयीची भूमिका तपासण्यास अशी मतदाने व्यापारविषयक घोषणांपेक्षा अधिक भरवशाची आहेत.

६. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, अशा उमेदवाराची अस्पष्टता ही अनेकार्थता नसून अपुरी राहिलेली आकांक्षा आहे. अनेकार्थी शब्दाचे दोन निश्चित अर्थ असतात आणि श्रोता त्यांतून एक निवडतो. येथे निवडण्यास काही नसते, रिकामी जागा असते, आणि प्रत्येक श्रोता ती आपल्या गरजेने भरतो. मोहन्याचा जुना कामगार त्या जागी संरक्षण भरतो, भिवंडीचा यंत्रमाग कामगार स्वस्त सूत भरतो, आणि दोघेही आपल्याला आश्वासन मिळाले अशा समजुतीने मत देतात.

यावरील उपाय व्याकरणाच्या प्राथमिक पाठातच सापडतो. कोणत्या वस्तूवरील कोणते बंधन, कोणत्या कामगारासाठी, कोण, केव्हापर्यंत, हे प्रश्न विचारल्यावर वाक्य एकतर पूर्ण होते किंवा ते पूर्ण करण्याची बोलणाऱ्याची इच्छा नाही, हे उघड होते. लोखंड्यांच्या निवेदनात महिन्याची १५ तारीख होती. ज्यांची देणी वर्षानुवर्षे थकली, त्यांना ‘हित’ या शब्दापुढे अशी एखादी तारीख हवी असते. आणि ती मागण्याचा अधिकार त्यांना आहे.